अर्ध्या तासाचा कापूस



प्राथमिक शाळेंत मुलांनीं पाठ करावें कीं स्वतः शोधून काढावें, हा वाद जुना आहे. तो मी आज सोडविणार नाहीं. मी मॅट्रिक झालेला मास्तर. अडतीस वर्षें शिकवूनही मला तो सुटला नाहीं. एका शाळेंतील अर्ध्या तासाची हकीकत मात्र सांगावी असें मनांत आहे.

अमेरिकेंतील शिकागो शहरीं १८९६ सालच्या जानेवारींत प्राध्यापक जॉन ड्यूई यांनीं तेथील विद्यापीठाची एक लहानशी शाळा उघडली. मुलें अवघीं सोळा, शिक्षक दोन. हे ड्यूई आपणांस अगदींच परके नव्हेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेव्हां तेथें ड्यूई त्यांचे गुरु होते. शाळेसाठीं बांकें घ्यावयास ते शहरभर हिंडले, पण मनाजोगीं मिळेनात. अखेर एका दुकानदारानें सांगितलें कीं, तुम्हांस मुलांनीं काम करण्याजोगें सामान हवें आहे, आणि आमच्याकडचें सारें नुसतें ऐकत बसण्यासाठीं केलेलें आहे! शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत इतकें नेमकें निदान मला क्वचितच आढळलें.

या शाळेंत मुलांपुढें कच्ची लोंकर, जवसाचे तंतू व कापसाचीं बोंडें ठेवीत. कापसाचा धंदा लोंकरीच्या मागाहून कां वाढला? पुस्तकांत याचें उत्तर एका ओळींत देतां आलें असतें. येथें मुलें सरकी काढावयास बसलीं. एका गटानें अर्धा तास बोटें झिजविलीं, तेव्हां कापूस निघाला एका औंसाहूनही कमी, म्हणजे आपल्या जुन्या मापानें अडीच तोळेही नाहीं. हातानें काम करणारा माणूस दिवसाकाठीं एक पौंडच कापूस मोकळा करूं शके, हें मग त्यांना सहज पटलें. पुढें त्यांनीं तंतू शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले. लोंकरीचा लांब व खरखरीत, म्हणून एकमेकांस धरून राहणारा. कापसाचा आंखूड व गुळगुळीत. शिक्षक गप्प बसत असें नव्हे. ते विचारीत, सुचवीत, पण सांगून टाकीत नसत. मौज अशी कीं, कापूस मागें पडण्याचें हें कारण मुलांनीं सांगेपर्यंत आपणांसही ठाऊक नव्हतें, असें ड्यूईंनीं १८९९ सालच्या आपल्या व्याख्यानांत प्रांजळपणें कबूल केलें आहे.

येथें मला थोडें अडतें. त्या मुलांचे पूर्वज थंड मुलुखांतले. आपल्याकडे मोहेंजोदडोच्या उत्खननांतच कापसाचें वस्त्र सांपडलें आहे, आणि पुढें सरकी काढावयास दोन लाटांची चरकीही आपल्या कारागिरांनीं केली. तोच अर्धा तास यवतमाळच्या शाळेंत घालविला असता, तर मुलांनीं खचित निराळेंच विचारलें असतें: मग आपल्या लोकांना हें जमलें कसें?

आज हें मी सांगतों, परंतु वर्गांत मीं असें केलें नाहीं. माझी शाळा वऱ्हाडांत होती. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या खिडकीपुढून जात. एकदां भूगोलाच्या तासाला चौथींतल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, कापूस सरकीला इतका घट्ट कां चिकटतो?" मला उत्तर येत नव्हतें. तसें म्हणण्याऐवजीं मी म्हणालों, "परीक्षेंत येणार नाहीं तें विचारूं नकोस." तो खालीं बसला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं, आणि मी त्यास शिस्त समजलों.

उत्तर मला निवृत्त झाल्यावर वाचावयास मिळालें. कापूस सरकीला चिकटलेला नसतोच. तो सरकीच्या सालीवरच उगवलेला केस आहे. सालीची एकेक पेशी लांबत जाऊन एकेक तंतु होतो. गाडींतून पडलेलें एखादें बोंड उचलून भिंगाखालीं धरलें असतें, तर सालींतून निघालेले ते तंतू आम्हां सर्वांना दिसले असते. भिंग शाळेच्या कपाटांत होतें. कपाटाची किल्ली माझ्यापाशीं असे.