पाटण्याचे कवच: श्वासात साठलेला काळ

१/ देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, म्हटले की यादव आठवतात. त्यांच्याच मुलखातले पाटणे हे गाव चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिला. शके ११२८ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मात्र त्या लेखापाशीच थांबणाऱ्याच्या नजरेतून पाटण्यातली फार जुनी गोष्ट निसटते.

२/ १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि एक कोरीव तुकडाही: समांतर रेषा, त्यांच्यामध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा. होय, महाराष्ट्रात एके काळी शहामृग होते! भारतात इतरत्र सापडलेल्या अशा कवचांवरची बहुतेक ‘नक्षी’ पुढे निसर्गाची करणी ठरली. पाटण्याची मात्र मानवी हाताचीच मानली जाते.

३/ काळ कोणता? रेडिओकार्बन पद्धतीने येथील कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे आले. पण कवच म्हणजे तर चुनखडी. तिच्यात जिवंत प्राण्याचा कार्बन आला कुठून?

४/ याचे उत्तर कोंबडीने दिले. अंडे गर्भाशयात सुमारे वीस तास राहते आणि तेवढ्यात त्यावर पाच-सहा ग्रॅमचे कवच चढते. त्यातले कॅल्शियम खाद्यातून व हाडांतून येते. कार्बोनेट मात्र मुख्यतः पक्ष्याच्या स्वतःच्या कार्बन डायऑक्साइडपासून बनते. त्या वायूचे पाण्याशी संयोगाने झटपट बायकार्बोनेट करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ते ‘कार्बोनिक ॲनहायड्रेज’. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो.

५/ १९४४ मध्ये बेनेश, बॅरन आणि मॉसन यांनी याचा पुरावा मांडला: हे विकर रोखणारे सल्फा औषध दिले की कोंबड्या पातळ कवचाची, कधी बिनकवचाचीही अंडी घालतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही कवचे पातळ होतात. कोंबडी धापा टाकते, वायू उच्छ्वासातून निघून जातो आणि बायकार्बोनेट घटते.

६/ शहामृगाने खाल्लेल्या वनस्पतींतला कार्बन असा श्वासाऐवजी कवचात गेला आणि कॅल्साइटच्या स्फटिकांत बंद झाला. त्यातल्या कार्बन-१४ पैकी आज जेमतेम चार-पाच टक्के उरला आहे. पाटण्याच्या त्या रेषांचा काळ तेवढ्यावरच ठरला.