शिकारी धनुष्य : बाणाविना मोचन आणि जुन्या धनुष्याची पारख

ओढलेल्या धनुष्याची प्रत्यंचा तीवर बाण न चढविताच सोडून देणे, या क्रियेस ‘ड्राय फायर’ म्हणतात. मराठी तिरंदाजांतही हाच शब्द रूढ आहे. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढण्यालाही हेच नाव असल्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. आधुनिक बंदुकींपैकी पुष्कळशांना त्यापासून इजा पोहोचत नाही. धनुष्य मात्र अशा एका मोचनानेही मोडू शकते. त्याहून घातक गोष्ट अशी, की ते पुष्कळदा लगेच मोडत नाही. इजा भुजेच्या आत राहते आणि पुढे दुसऱ्या मालकाच्या हातात प्रकट होते. म्हणून वापरलेल्या धनुष्याच्या खरेदीविक्रीत हा दोष सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

धनुष्य ओढताना हाताने केलेले कार्य वाकलेल्या भुजांत ऊर्जारूपाने साठते. प्रत्यंचा सोडल्यावर त्यातील बहुतेक भाग बाण घेऊन जातो आणि उरलेला भाग भुजांची व प्रत्यंचेची थरथर, आवाज व उष्णता यांत खर्ची पडतो. सुमारे ३२ किग्रॅ. (७० पौंड) ओढबलाच्या, म्हणजे पूर्ण ओढीत तेवढे कमाल बल लागणाऱ्या, आधुनिक शिकारी धनुष्यातून सु. २३ ग्रॅ. वजनाचा बाण सेकंदाला ९५ मी.च्या आसपास वेगाने सुटला, तर त्याच्याकडे सु. १०० जूल ऊर्जा असते. भुजांत साठलेली ऊर्जा अशा वेळी साधारणतः १२० जूल असते. म्हणजे धनुष्याला स्वतःत जिरवावे लागतात ते केवळ २० जूल. बाण नसेल, तर सर्वच्या सर्व १२० जूल त्यालाच सोसावे लागतात. मार सहापट होतो आणि तोही क्षणार्धात, कारण पुढे धावणाऱ्या भुजांना मागे खेचून धरणारे बाणाचे जडत्वच नाहीसे झालेले असते. त्या ताणलेल्या प्रत्यंचेवर आदळून थांबतात.

यावर भारतीय वाचकाच्या मनात एक शंका येणे साहजिक आहे. रामायण-महाभारतातील वीर प्रत्यंचेचा टणत्कार करतात. ताटकेच्या वनात रामाने आणि युद्धारंभी अर्जुनाने केलेला ज्याघोष प्रसिद्ध आहे. जपानच्या दरबारातही अशुभनिवारणासाठी बाण न लावता प्रत्यंचा वाजविण्याचा विधी होता. मग ती धनुष्ये मोडत कशी नसत? टणत्कारासाठी प्रत्यंचा थोडीशीच ओढून सोडली, तर साठणारी ऊर्जा अल्प असते. ओढ निम्मी झाली, की ऊर्जा साधारणतः चौथ्या हिश्श्यावर येते. टणत्कार आणि पूर्ण ओढीचे रिकामे मोचन या त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

धनुष्य मोडण्याच्या कारणांची व्यवस्थित मीमांसा इंग्लंडात रॉजर ॲस्कम याने टॉक्सोफिलस (१५४५) या संवादरूप ग्रंथात केली. प्रत्यंचा, बाण, प्रमाणाबाहेर ओढ आणि लाकडावरील बारीक चिरा अशी चार कारणे तो देतो. त्यांपैकी पहिले येथे विशेष महत्त्वाचे आहे. प्रत्यंचा तुटली, की दोन्ही टोकांना अडविणारे काहीच उरत नाही. ती उलट दिशेने झेप घेतात आणि धनुष्य मध्यभागी मोडते, असे त्याचे निरीक्षण आहे. भौतिकीची भाषा त्याच्याजवळ नव्हती, परंतु यंत्रणा त्याने अचूक ओळखली होती. चिरांना तो पसरत जाणाऱ्या व्रणाची उपमा देतो. यू वृक्षाच्या धनुष्याच्या पोटाकडील (तिरंदाजाकडील) बाजूवर दाब पडून तंतू दुमडले, की तेथे आडव्या सुरकुत्या उमटतात आणि प्रत्येक ओढीबरोबर त्या खोल जातात.

ॲस्कमने खरेदीविषयीही लिहिले आहे. गाठ, पीळ, चीर व चिमटा नसलेले, सरळ आणि वजनदार धनुष्य निवडावे, प्रामाणिक धनुष्यकारावर विश्वास ठेवावा आणि चांगल्या मालासाठी चार पेन्स अधिक द्यावे लागले तर घासाघीस करू नये, असा त्याचा सल्ला आहे. त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, आठव्या हेन्रीचे मेरी रोज हे युद्धनौकांतील नामांकित जहाज पोर्ट्‌समथजवळ बुडाले. उत्खननात त्यातून १३७ अखंड धनुष्ये व सुमारे साडेतीन हजार बाण मिळाले आणि १९८२ मध्ये नौकेचा सांगाडा वर काढण्यात आला. या धनुष्यांचे ओढबल सु. ४५ ते ८० किग्रॅ. असावे, असा अंदाज आहे. एवढ्या बलाच्या धनुष्याची प्रत्यंचा रिकामी सुटली किंवा तुटली, तर काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

लाकडी धनुष्याचा एक गुण मात्र येथे नोंदला पाहिजे. ते आपला दोष बहुधा लपवीत नाही. सुरकुती डोळ्यांना दिसते, भुजा एका बाजूस कलते, ओढताना कुरकुर ऐकू येते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा प्रतिनिधी इशी (मृत्यू १९१६) हा धनुष्य चढवून ठेवीत नसे. चढविलेले वा उभे ठेवलेले धनुष्य थकते व त्यास घाम येतो, अशी त्याची समजूत होती. त्याचे स्नेही व डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी ती नोंदवून ठेवली. ही भाषा भाबडी वाटली, तरी पदार्थाचा शीण ती नेमका सांगते.

पोप यांच्या १९२३ मधील ग्रंथाने अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याची आवड पुन्हा जागविली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी तिरंदाजांना स्वतंत्र हंगाम दिला आणि इतर राज्ये त्यामागून आली. याच सुमारास क्लॅरेन्स हिकमन, फॉरेस्ट नॅग्लर व पॉल क्लॉप्स्टेग यांनी धनुष्याचे भौतिकीय विवेचन सुरू केले. क्लॉप्स्टेग यांची ‘आभासी वस्तुमान’ ही कल्पना आपल्या विषयाला जवळची आहे. बाणाबरोबर जणू एक ठराविक जादा वस्तुमान हलत असते, असे मानल्यास धनुष्याची कार्यक्षमता बाणाच्या वजनावर कशी अवलंबून असते, हे सहज कळते. बाण हलका करीत जावे तसा त्याला मिळणारा ऊर्जेचा वाटा घटतो; वजन शून्य झाले, की वाटाही शून्य. म्हणजे फार हलका बाण हे अर्धेमुर्धे ड्राय फायरच होय. आज अनेक निर्माते दर पौंड ओढबलामागे बाणाचे वजन किमान ५ ग्रेन (सु. ०.३२ ग्रॅ.) असावे, असा जो दंडक घालतात, त्याचे मूळ येथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर काचतंतूचे थर चिकटवून भुजा बनू लागल्या. त्या टिकाऊ होत्या, पण त्यांतील बिघाड डिंकाच्या थरात, म्हणजे आत होऊ लागला. प्रत्यंचाही बदलली. लिननच्या जागी पॉलिएस्टर (डेक्रॉन) आले. ते थोडे ताणते आणि धक्का सौम्य करते. १९७० च्या दशकात वापरलेली केव्हलारची प्रत्यंचा पूर्वसूचना न देता तुटे, आणि तुटलेली प्रत्यंचा म्हणजे, ॲस्कमने सांगितल्याप्रमाणेच, रिकामे मोचन. पुढे आलेले पॉलिएथिलिनाचे तंतू बळकट आहेत, परंतु जवळजवळ ताणत नाहीत. डेक्रॉनच्या काळातील रिकर्व्ह धनुष्यावर अशी नवी प्रत्यंचा चढविली, तर बळकटी न दिलेली भुजांची टोके फाटू शकतात. जुने, देखणे धनुष्य स्वस्तात घेऊन त्याला हौसेने नवी प्रत्यंचा लावणाऱ्याचे नुकसान अनेकदा असेच होते.

खरा पालट कंपाउंड धनुष्याने घडविला. मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन याने १९६६ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६९ च्या अखेरीस ते त्यास मिळाले. भुजांच्या टोकांवरील विकेंद्री चाके (कॅम) व तारा यांमुळे पूर्ण ओढीत हातावरील भार एकदम उतरतो. आरंभीच्या धनुष्यांत ही घट माफक होती; हल्ली ती ८० टक्क्यांहून अधिक असते. ही सोय हाच धोका झाला. बत्तीस किलोचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर पाच-सहा किलोंचेच वाटते. पण भुजांतील ऊर्जा तिळभरही कमी झालेली नसते. दुकानात किंवा मित्राच्या घरी ‘जरा ओढून पाहू’ म्हणणाऱ्याचे बोट यांत्रिक चापाला लागते आणि प्रत्यंचा सुटते. बाणाची फुटकी खाच प्रत्यंचेवरून निसटली, तरी परिणाम तोच. शिवाय कंपाउंडच्या आखूड, कडक भुजा न ओढताही ताणाखालीच असतात. रिकामे मोचन होताच प्रत्यंचा व तारा चाकांवरून उडतात, आस वाकतात आणि भुजा चिरफाळतात. तुकडे चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे येऊ शकतात.

कित्येकदा मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, एखादा हंगाम धनुष्य वापरतो आणि विकतो. त्याने लबाडी केलीच असेल, असे नाही. ज्याच्याकडून त्याने ते घेतले, त्याने सांगितले नसेल. बहुतेक निर्मात्यांची हमी पहिल्या मालकापुरती असते आणि ड्राय फायर तीतून वगळलेले असते. सारा भार अशा रीतीने अखेरच्या ग्राहकावर येतो.

पारखताना प्रथम भुजांच्या कडांवरून व टोकांजवळून कापसाचा बोळा फिरवितात; उघड्या न दिसणाऱ्या कुसळांत कापूस अडकतो. बोटाने हे करू नये, काचतंतूचे कुसळ बोटात मोडते. रंगाच्या लेपातील केसासारख्या रेषा पुष्कळदा निरुपद्रवी असतात, भुजेला आडवी जाणारी चीर मात्र कधीच नाही. चाके डगमगतात काय, त्यांच्या खाचांची कड चेपली आहे काय, आस सरळ आहेत काय, भुजा मुठीच्या चौकटीत जेथे बसतात तेथे फट आहे काय, हे क्रमाने पाहावे. रिकर्व्ह धनुष्य टोकाकडून न्याहाळल्यास प्रत्यंचा दोन्ही भुजांच्या मध्यावरून जाते की नाही, म्हणजे भुजेला पीळ आहे की नाही, ते कळते. नव्याने दिलेला रंग किंवा झाडीच्या नक्षीचे वेष्टन असेल, तर खाली काय आहे, ते विचारलेच पाहिजे. जुन्या धनुष्यावरील कोरी प्रत्यंचा व तारा ही चांगल्या निगेची खूण असू शकते, तशीच जुन्या तारा चाकांवरून उडाल्याचीही. तपासणी झाल्यावर योग्य वजनाचा बाण चढवून, सुरक्षित लक्ष्यासमोर, ओढ थोडीथोडी वाढवीत जावी. रिकामे धनुष्य ओढून पाहणे हा पारखण्याचा प्रकार नव्हेच. ओढले गेलेच, तर प्रत्यंचा न सोडता ती हळूहळू पूर्वस्थितीत आणावी.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) लागू झाल्यापासून शिकारीवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे येथे कंपाउंड धनुष्याचा प्रसार क्रीडासाधन म्हणूनच झाला. बर्लिन येथील २०२३ च्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविल्यानंतर महाराष्ट्रात या खेळाचे नाव सर्वतोमुखी झाले. स्पर्धेच्या धनुष्याचे ओढबल शिकारी धनुष्याहून साधारणतः कमी, ६० पौंडांपर्यंत मर्यादित असते. रचना मात्र तीच, आणि वर सांगितलेली परीक्षाही त्याला जशीच्या तशी लागू पडते.