आभा (आरोग्य खाते)

आभा : रुग्णाच्या संमतीने त्याच्या आरोग्यनोंदी डॉक्टरांना दाखवण्याची भारतातील डिजिटल सोय, पूर्ण नाव ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’. ही सोय राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या ज्या डिजिटल आरोग्य मोहिमेचा भाग आहे, तिचा प्रारंभ १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत झाला. २७ सप्टेंबर २०२१ पासून ती देशभर लागू झाली. खाते ऐच्छिक असून त्याचा क्रमांक १४ अंकी असतो.

कार्यपद्धती : नोंदी एका मध्यवर्ती कोठारात साठवल्या जात नाहीत, त्या संबंधित रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहतात. डॉक्टरांनी मागणी केल्यावर कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या, कशासाठी आणि किती मुदतीपर्यंत दाखवायच्या, हे रुग्ण मोबाइलवरून ठरवतो. दिलेली संमती मागेही घेता येते; मात्र डॉक्टरांनी आधीच वाचलेले त्यांना ठाऊक राहतेच.

बीडमधील संदर्भ : बीडचे ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात; केसपेपर गावी राहिला, तर परगावच्या डॉक्टरांना पूर्वेतिहास कळत नाही. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा शस्त्रक्रियेची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचावी, पण ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या कानी जाऊ नये, हा येथे गोपनीयतेचा खरा अर्थ. घरात एकच मोबाइल असेल आणि खात्यात शिरण्याचा ओटीपी नवऱ्याच्या हाती येत असेल, तर संमती बाईची उरत नाही.

कायदेशीर आधार : सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला.