गिलाव्याचीं नगरें

जत्रेंतील देखाव्यापुढें उभें राहून "हें खरें कीं रंगविलेलें?" असा प्रश्न ज्याच्या मनांत आला नाहीं असा मनुष्य विरळा. तो देखावा कोणीं केला, कशाचा केला व किती दिवसांसाठीं केला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत अशा देखाव्यांचीं अख्खीं क्रीडानगरें उभीं राहिलीं. आज त्यांस थीम पार्क म्हणतात. त्यांच्या कारागिरांविषयीं मला आज सांगावयाचें आहे.

या विद्येचें एक मूळ १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत सांपडतें. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळें विवेकानंदांचें नांव आपल्याकडे घरोघर पोहोंचलें. इमारतींची हकीगत मात्र मागें राहिली. दुरून संगमरवरी भासणारे ते प्रासाद आंतून लोखंडालाकडाचे होते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्यें तागासारखे तंतू कालवून केलेलें कवच त्यांवर चढविलें होतें. हें मिश्रण साच्यांत ओतावें, वाळल्यावर करवतीनें कापावें, खिळ्यांनीं ठोकावें. स्तंभ, सिंह, देवता, काय हवें तें त्यांतून निघे. स्वस्त, हलकें आणि झटपट! फक्त टिकाऊ नव्हे. प्रदर्शन संपून वर्षही झालें नव्हतें, तोंच १८९४ मध्यें त्यांतील कित्येक मुख्य इमारती आगींत गेल्या.

तरीही हीच युक्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर १९०३ सालीं लूना पार्क व १९०४ सालीं ड्रीमलँड उभें राहिलें. मनोरे, घुमट, कमानी, आणि त्यांवर विजेच्या दिव्यांच्या असंख्य माळा. गिलाव्याचें उणें झांकण्यास रात्र व दिवे यांच्यासारखा सोबती नाहीं. १९११ च्या मे महिन्याच्या २७ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, ड्रीमलँडमधील "नरकद्वार" नांवाच्या खेळाची डागडुजी चालली होती. दिवे गेले, अंधारांत कढत डांबराची बादली कलंडली, आणि नरकद्वारांतून खराच अग्नि बाहेर पडला. जनावरांच्या खेळांतील कित्येक मुके जीव होरपळून मेले. ड्रीमलँड पुन्हां बांधलें गेलें नाहीं. १९४४ च्या आगीनंतर लूना पार्कही बंद पडलें.

१९५५ च्या जुलैंत कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें. त्याचे पुष्कळ कारागीर चित्रपटांच्या कलागृहांतून आलेले. चित्रपटाचा देखावा कॅमेऱ्याच्या एका डोळ्यासाठीं असतो व काम संपतांच मोडला जातो. येथें माणूस चोहोंबाजूंनीं फिरणार, मूल नखानें खरवडून पाहणार! तेथील राजवाडा अवघा ७७ फूट उंच. पण वर जातांना चिरे लहान लहान होत गेल्यामुळें तो पुष्कळ उंच भासतो. दूरत्वाचा जो आभास आपले बाबूराव पेंटर पडद्यावर रंगानें आणीत, तो येथें बांधकामांत उतरला.

फ्रेड जोर्गर हे खडकांचे वाकबगार. लोखंडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, तिच्यावर सिमेंट, आणि तें ओलें आहे तोंवर हत्यार चालवावयाचें. पण खरी परीक्षा हत्याराची नव्हे. खडक कोठें फुटतो, पाणी कोठून झिरपतें, डाग कोणत्या अंगास पडतो, हें ज्यानें डोंगरांत पाहिलें नाहीं त्याचा खडक बटाट्यासारखा दिसतो. प्रत्यक्ष बांधण्यापूर्वीं लहान प्रतिकृति होत असे. त्या खात्यांत हॅरिएट बर्न्स या बाई पुरुषांच्या बरोबरीनें करवत चालवीत.

व्यंगचित्रपटांच्या दृश्यांची मांडणी आंखणारे येल ग्रेसी हे याच मंडळींतले. १९६७ मध्यें उघडलेल्या चांच्यांच्या नौकाविहारांत एक अख्खें गांव जळतांना दिसतें, तें त्यांच्या हातचें. त्यांत ज्वाळा नाहींत. केवळ प्रकाशाची करामत आहे. ती इतकी हुबेहूब साधली कीं, खरी आग लागल्यास ही खोटी आग आपोआप बंद झाली पाहिजे, नाहींतर बंबवाल्यांनीं कोणती विझवावी, असा आग्रह अग्निशामक अधिकाऱ्यांनीं धरला, अशी गोष्ट सांगतात.