व्हील बेअरिंग (मोटारगाडीचे)

चाकाचा हब कमीत कमी घर्षणात फिरवणारा आणि गाडीचे वजन पेलणारा भाग. त्यातील गोळ्या किंवा रोलर कड्यांमधून ग्रीसवर फिरतात. सील फाटून पाणी शिरले की कड्यांच्या पृष्ठभागाचे खवले निघू लागतात. हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या शेतरस्त्यांवर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल हबवर थापला जातो, त्यामुळे इथे सीलकडे लक्ष हवेच.

बेअरिंग गेल्याची खूण म्हणजे वेगाबरोबर वाढणारी घरघर. रस्ता बदलल्यावर सूर बदलला तर दोष बहुधा टायरचा. डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवावे. खुळखुळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासावा. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला की खरखर बोटांना कळते. ही तपासणी भरवशाची.

बदलताना अ‍ॅक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात. मग कॅलिपर, डिस्क, नकल (बेअरिंग ज्यात बसते तो भाग) काढून जुने बेअरिंग प्रेसवर काढतात. नवे नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा, हब घालताना आतल्या कड्याला आधार द्यावा. हातोड्याने ठोकलेले बेअरिंग नवे असूनही लवकर घरघरू लागते. एबीएसच्या गाडीत बेअरिंगला चुंबकीय सील असेल तर ती बाजू सेन्सरकडे येते. नट नवा वापरून कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळावा.