घोड्याचे पाणी

"रशियाच्या थंडीने नेपोलियनला हरवले," हे वाक्य मी शाळेत कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले असेल. पण थंडीने म्हणजे नेमके कसे? त्यातली एक छोटी गोष्ट आज सांगतो.

जून १८१२ मध्ये दीड लाखांवर घोडे घेऊन तो रशियात शिरला. त्यातले हजारो उन्हाळ्यातच पावसाने, चाऱ्यावाचून आणि दमून मेले. १९ ऑक्टोबरला त्याने मॉस्को सोडले. नोव्हेंबरात नद्या-तळी गोठली. घोड्याला दिवसाला २५-३० लिटर पाणी लागते. दिवसभर चालून थकलेल्या स्वाराने रात्री अंधारात कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा, भांडे भरायचे आणि ते पुन्हा गोठायच्या आत घोड्यापर्यंत न्यायचे!

घोडा बर्फ खाईल की, असे कुणी म्हणेल. मंगोलियातले घोडे खातातही. पण हिशेब करून पाहा. १ किलो बर्फ नुसता वितळायला ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे २५ किलोला २,०००. उपाशी जनावराने एवढी ऊब आणायची कुठून?

नालांचेही तेच. शाही अश्वशाळेचा प्रमुख कोलँकूर याने बादशहाच्या घोड्यांना बर्फावर न घसरणारे नाल आधीच ठोकून घेतले होते. ते घोडे बहुतेक तगले. बाकीचे घसरून पडले, ते उठलेच नाहीत. घोडे गेले आणि तोफा वाटेतच राहिल्या.

पराभवाच्या कारणांत पाण्याचे भांडे कुणी लिहीत नाही. मला मात्र वाटते, मोहीम आखणाऱ्याने आधी मुक्या जनावरांना पाणी कोण पाजणार, हे विचारावे.