बिनदोरीची घंटा

नाशकात घंटा म्हटली की नारोशंकराची! तिच्यावर साल १७२१. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून ती आली आणि १७४७ च्या रामेश्वराच्या दारावर चढली. तिला वाजवायला माणूस तरी लागतो. आमच्या तात्यांच्या कानातली रात्रंदिवस आपोआप वाजते. सुश्रुताने याला ‘कर्णनाद’ म्हटलं आणि खापर वाताच्या माथी फोडलं. आता डॉक्टर सांगतात, दणदणाटाने आतल्या कानातल्या केसाळ पेशी मरतात. तिथून बातमी येईनाशी झाली की मेंदू स्वतःच बातम्या रचतो! कधी नुसता मळ असतो, कधी ॲस्पिरिन जास्त झालेली असते. म्हणून कान दाखवून घ्यावा. डोक्यावरचे केस गेले तर टोपी घालता येते हो. कानातले गेले की गेलेच. तेव्हा ताशा कडाडायच्या आधीच कानात इअरप्लग घाला आणि चार पावलं मागे व्हा!